जाग काढलेली

डॉक्टर घाटपांडे म्हणाले, कॉफी बंद.
तुमच्या हृदयाची सम चुकतेय.
मी म्हटलं, छत्तीस वर्षं बँकेच्या लेजरात
एक पैसा चुकला नाही माझा,
आणि हे आता, आतल्या आत?

तेव्हापासून डीकॅफ.
म्हणजे जाग काढून घेतलेली कॉफी.
हीथ्रोवर ती पुडीत मिळाली,
भिजल्या पुठ्ठ्याच्या चवीची.
लीड्स स्टेशनात काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
सॉरी लव्ह, संपलं.
चौसष्टाव्या वर्षी
कुणी पहिल्यांदा मला लव्ह म्हटलं,
तेही नाही म्हणताना.

हॉटेलातल्या बाईंनी तर शपथेवर दिलं डीकॅफ,
आणि रात्री तीन वाजता मी
छतावरच्या धूरसूचकाचा लाल ठिपका
मोजत पडलो.
माझ्याहून नियमित होता.

मग स्किप्टन. कालव्याकाठी
लांबट बोटींच्या रांगेपाशी एक टपरी.
आत ब्रायोनी, आठवा महिना,
एप्रनची गाठ पाठीमागे जेमतेम पोचलेली.
डीकॅफ आहे का, मी घाबरतच विचारलं.
मीही तेच पिते, ती म्हणाली,
पाच पाकिटं फेकली, मग हे सापडलं.
दाणे तिथंच दळले तिनं.
वास आला.
हे मुद्दाम लिहून ठेवतोय,
कारण सहा महिन्यांत पहिल्यांदा आला.

मी खिशातून जायफळ काढलं.
सुहासिनीनं रुमालात बांधून दिलेलं,
विमानतळावर कुणाला दाखवायची हिंमत न झालेलं.
ब्रायोनीनं काही न विचारता
लिंबाची किसणी पुढं केली.
तिची आजी कस्टर्डवर किसायची म्हणे.
आमच्याकडे कॉफीवर, मी सांगितलं.
कॉफीनं जाग, जायफळानं झोप,
दोन्ही बाजू जुळल्या की खातं बंद.
म्हणजे तुमची आधीपासूनच डीकॅफ,
ती हसली, आणि हसता हसता
पोटावर हात ठेवून थांबली.
लाथ मारली, म्हणाली.

एक बदक बोटीखालून पलीकडे निघालं.
सवयीनं मी मनगट धरलं होतं,
मोजायचं राहून गेलं.

तीन पौंड वीस.
उरलेलं अर्धं जायफळ किसणीपाशीच राहिलं.
विसरलो,
असं सुहासिनीला सांगेन.