एक जून

आमच्या शाळेत सगळी मुलं एक जूनला जन्मली.
दाखल-खारीज रजिस्टर उघडा,
पानामागून पान एक जून, एक जून,
जणू त्या रात्री गावात एकही बाई झोपली नव्हती.
अक्षर माझं आहे. वळणदार.
तपासणीला आलेले साहेब कौतुक करायचे.

तिची आई ओट्याशी उभी राहून म्हणाली होती,
"तान्ह्या पोयाच्या दिशी झाली जी हे, गुर्जी.
पोट्टे लाकडाचे बैल घिऊन बोजारा मांगाले दारात,
अन् मी आत कन्हत होती."
मी हसलो. तान्ह्या पोळ्याला रकाना नसतो.
सहा पूर्ण व्हायला तीन महिने कमी पडत होते,
आणि पटाला एक मूल.
मी पेन उचललं.

नंतरचं मी सांगणार नाही.
नागपंचमी होती. ती अकरा वर्षांची होती.
रजिस्टरात बारा.

पांढरकवड्याच्या कोर्टात ती पडद्याआडून बोलली.
न्यायाधीशबाईंनी आधी विचारलं, कोणता विषय आवडतो?
म्हणाली, गणित नाही.
बाकीची जबानी चार पानांची,
त्यात कंस तीन ठिकाणी: (साक्षीदार गप्प).
त्याला दहा वर्षं झाली.

मग अपील.
मला वाटलं, नागपूरला पुन्हा उभी करतील तिला,
पुन्हा तो पडदा, पुन्हा तेच विचारणं.
सरकारी वकील म्हणाले, नाही गुरुजी,
तिथं माणसं जात नाहीत, कागद जातात,
शिवलेले, पानांवर आकडे घातलेले.

न्यायमूर्तींनी तिला कधी पाहिलं नाही.
तरी त्या तीन कंसांपाशी ते थांबले.
निकालात लिहिलंय: मूल गप्प झालं
म्हणून ते खोटं बोललं, असं होत नाही.
तेवढा परिच्छेद मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.
दोषसिद्धी कायम.

पान उलटलं, तर माझं अक्षर.

मडावी नर्सबाईंचं लसीकरणाचं कार्ड होतं,
त्यावर सप्टेंबर. पण पावसात भिजलेलं, तारखेवर डाग.
आणि शाळेची नोंद आधी धरायची, कायद्यात तसा क्रम आहे.
आरोपीचे वकील म्हणाले,
मुख्याध्यापकांच्याच हातचं आहे हे,
घटनेदिवशी बारा पूर्ण, वर दोन महिने.
शंकेचा फायदा.
बाराच्या आतल्या मुलांचं कलम गळालं.
दहाची सात झाली.

मी चुकलो, असं कुणी म्हटलं नाही.
निकालात माझी नोंद "विश्वसनीय" आहे.
तीन महिने मी वाढवले,
तीन वर्षं त्याला सुटली.
गणितच शिकवायचो मी.

निकालपत्रात ती "अ" आहे, नाव लिहीत नाहीत.
माझ्याकडे ती अनुक्रमांक चारशे सतरा.
परवा नर्सिंगचा फॉर्म घेऊन आली.
मी म्हणालो, तारीख दुरुस्त करता येते,
अर्ज मी लिहून देतो, चूक कबूल करून.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
"राहू द्या, गुर्जी. आता साऱ्या कागदावर तेच हाय."
आणि रकाना भरला, माझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात.

तान्ह्या पोळ्याला पोरं येतात दारात,
बैलांना चाकं लावलेली.
मी बोजारा देतो, पाच-पाच रुपये,
आणि एकेकाला विचारतो, तुझा जन्म कधीचा रे?
एक जून, म्हणतात सगळी,
पाढा म्हटल्यासारखी.