डावा गाल

दक्षिणेच्या खांबाशी उभी राहायचे मी,
तोंड उत्तरेला, शिट्टी दातांत,
आणि पश्चिमेचं ऊन
चार ते सहा
डाव्या गालावर.
सव्वीस वर्षं. सुट्ट्या वजा करा,
परीक्षा वजा करा, पाऊस वजा करा,
तरी बरंच उरतं.

त्यामुळे डावा गाल आता उजव्यापेक्षा थोरला आहे.
डोळ्याच्या कडेच्या रेघा
तिकडे सात, इकडे चार.
आरशात मी आणि माझी मोठी बहीण
एकाच मानेवर.

डॉक्टर माझीच विद्यार्थिनी निघाली, फाल्गुनी.
पाठीला हात न लावताच खो द्यायची,
दर सामन्यात फाउल.
आता तिच्या हातात भिंग.
मसुरीएवढ्या डागावर तिनं ते धरलं
आणि काही बोलेचना.
मी मनात आकडे मोजत राहिले,
स्टॉपवॉच हातात नसलं की मोजते तशी.
एकोणीसला म्हणाली,
घाबरण्यासारखं नाही, बेन. ऊन आहे. साठलेलं.
जरा दंड उलटा करा.

केला.
टी-शर्टच्या बाहीखालची आतली बाजू,
कायम अंगाला मिटून राहिलेली,
ताकावरच्या लोण्यासारखी.
एक ठिपका नाही, एक सुरकुती नाही.
मी तिच्याकडे अशी बघत राहिले
जशी कुणाच्या तरी लेकीकडे.
"हे तुमचं वय," फाल्गुनी म्हणाली,
मग गालावर बोट टेकून,
"आणि हे मैदान."

ट्यूब सहाशे चाळीसची.
चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून,
दर दोन तासांनी, ढग असले तरी.

रावपुऱ्यात सिग्नलला थांबले
तेव्हा हेतलची आई आठवली.
फाटकाशी आली होती, ओढणी डोक्यावर,
"बेन, छोकरीला तडको लागतो,
काळी पडली तर पुढे कोण पसंत करणार?"
आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
"मेणाची आहे का? वितळेल?"
मैदान हसलं.
हेतल मान खाली घालून चौकोनात बसून राहिली.
दिवाळीनंतर आलीच नाही.
ती आई चुकलीच होती.
पण ऊन काही तिच्या बाजूचं नव्हतं,
माझ्याही.

दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं.
आठ जणी, एकआड एक उलट्या तोंडाच्या.
चौघींच्या डोळ्यांत ऊन,
चौघींच्या मानेवर.
सव्वीस वर्षं मी फक्त पाय बघत आले.

ट्यूब काढली. म्हटलं, इकडे या सगळ्या.
हे गोरं व्हायला नाही.
ज्याला जो रंग तो त्याचा, तो घासायचा नाही.
हे कातडं टिकावं म्हणून.
गणवेश उसवला तर वाडीतला शिंपी आहे,
याला शिंपी नाही.
निरालीनं गालावर दोन आडव्या रेघा ओढल्या,
चुन्याच्या फक्कीसारख्या,
आणि विचारलं,
"बेन, तुम्ही कधीपासून लावता?"
"कालपासून," म्हटलं.
हसल्या. हसू दे.

आता सराव सकाळी, साडेसहाला.
किल्लीवरून रखवालदार कुरकुरतो,
दोघी रोज उशिरा येतात,
एकीची शिकवणी आडवी येते.
टोप्या आल्यात, त्यातल्या तीन हरवल्याही.

हेतलचा नंबर शोधून ठेवलाय.
काय बोलायचं ते अजून जुळत नाही.

मी त्याच खांबाशी उभी राहते.
सकाळचं ऊन उजवीकडून येतं.
थोरलीला जरा विसावा.
धाकटीला
दोन बोटं भरून.