निवृत्त, नाबाद

जाफन्याची बस साडेचारला सुटायची.
कँडीहून इतर बशी सुटतात त्यांच्या लहरीनं,
ही मात्र घड्याळ बघून.
म्हणून कुगदासन सलामीला आला,
एरवी तो आठव्या नंबरचा.

परीक्षा संपल्या होत्या. हंतानाच्या डोंगरावर ढग बसलेला,
उठायचं नाव नाही.
जिन्यात गाद्यांच्या वळकट्या, तीन बादल्या, एका पायाची चप्पल.
चोरटी किटली माझ्या वाट्याला आली.
ती आम्ही किटबॅगेत पॅडच्या खाली लपवायचो;
त्या वासात हात घालायची
कुठल्याच वॉर्डनची छाती झाली नाही.

वरचा मजला विरुद्ध खालचा मजला.
चार वर्षांचा हिशेब, तेरा–तेरा.
वही माझ्याकडे. पेरादेनियात मी एवढंच खेळलो,
बाकावर बसून, दुसऱ्यांच्या धावा.

तो छान खेळत होता असं नाही.
दोन झेल सुटले, एक चौकार पाठमोरा गेला
मारा झाडांच्या मुळांत, शोधायला दहा मिनिटं.
डाव्या पॅडचं बक्कल दुसऱ्या वर्षीच तुटलेलं,
तिथं माझ्या जुन्या सारोंगची पट्टी बांधलेली.
सतरा.

मग रिझ्मी रिक्षा घेऊन थेट सीमारेषेपर्यंत आला
आणि हॉर्नवरचा हात काढेना.

कुगदासननं आणखी एक चेंडू अडवला.
पंचाचं मनगट उलटं करून वेळ पाहिली.
हातमोजे काढून एकात एक खोचले,
पुढच्या गड्याच्या काखेत दिले,
आणि माझ्या बाकापाशी येऊन म्हणाला,
जाऊन येतो.

त्याच्या घरी असंच म्हणतात. माझ्याही.
नुसतं 'जातो' म्हटलं की आई स्वयंपाकघरातून ओरडते.
खोली सत्तेचाळीसच्या उंबऱ्यावर चार वर्षं
तो तमिळमध्ये, मी सिंहलीत,
हेच म्हणत आलो,
आणि दर सुट्टीनंतर तो आला,
ताडगुळाचा डबा घेऊन, केस बारीक कापून.
त्या दिवशी पॅड रिक्षात सोडले त्यानं.
सारोंगची गाठ सुटेना, तेव्हा दातांनी.

मैदानातून जाणाऱ्याला मात्र हे वाक्य नाही.
बोट वर झालं की मान खाली घालायची, निघायचं.
येतो कुठला!

पंच होते उपवॉर्डन गुणतिलक, रसायनवाले.
इजा झाली? नाही.
आजारी आहे? नाही.
मग 'निवृत्त, बाद' लिही.
मी म्हटलं, सर, नाइलाज.
ते म्हणाले, बस हा नाइलाज नव्हे, वेळापत्रक आहे.

थिसर मिडऑनवरून चालत आला. खालच्या मजल्याचा कप्तान.
नळाच्या पाण्यावरून यानं कुगदासनशी
आख्खं एक सत्र अबोला धरला होता.
म्हणाला, माझी परवानगी आहे. परत आला तर खेळू दे त्याला.
गुणतिलक म्हणाले, परत? आज?
थिसर चेंडू पँटला घासत राहिला.
मी कुठं आज म्हटलं?

सर बराच वेळ डोंगराकडे बघत होते.
मग म्हणाले, पेन्सिलीनं लिही.

सामना आम्ही सहा धावांनी हरलो. ते पेनानं आहे.

कुगदासन आता टोरोंटोत. बर्फ काढता काढता फोन करतो,
धापा टाकत, मुलीच्या शाळेचं सांगतो,
आणि ठेवण्याआधी एकदा विचारतो, सतराच ना?
सतराच.

माताऱ्याची हवा खारी. वहीची पानं फुगलीत,
पेन्सिल पुसट होत चाललीय.
दोनदा गिरवली मी ती ओळ.
शेजारी थिसरची सही आहे, तिला हात लावला नाही.
किटलीला अजून पॅडचा वास येतो,
बायको म्हणते, टाका ती.