तांदळाच्या डब्यातलं

कळव्याच्या पुलावर रिक्षा अडकली
आणि पुढच्या स्कूटरवरच्या माणसाने
जाळीच्या वरून भिरकावली एक पिशवी.
झेंडू, दूर्वा, उदबत्तीचं रिकामं खोकं,
सगळं एकाच गाठीत.
चार्वीने विचारलं, देव खाडीत राहतो का?
नाही, मी म्हटलं.
मग त्याची फुलं तिथे का पाठवतात?
रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.
त्यालाही उत्तर हवं असावं.

सात वर्षांची आहे. पुढचे दोन दात पडलेत,
‘श्रद्धा’ म्हणायला गेली की शिट्टी वाजते.
आठवडाभर हेच चाललंय.
देव झोपला की पहाऱ्याला कोण असतं?
मरियम म्हणते त्याला चेहराच नसतो,
मग तो रागावलाय हे कसं कळतं?
आणि काल मेथी निवडताना, मान वर न करता:
आई, तू मानतेस, की नुसते हात जोडतेस?

मी तिच्याएवढी होते
तेव्हा आमच्या घरी उत्तर तयार असायचं.
अण्णा कंपनीतून यायचे, हाताला मशीनच्या तेलाचा वास,
युनियनची पावतीपुस्तकं खुर्चीवर टाकायचे
आणि सांगायचे, नाही. देव नाही.
नळाला पाणी नाही म्हणावं, तसं.
खारेगावच्या त्या दोन खोल्यांत
कॅलेंडरसुद्धा बँकेचं, नुसत्या आकड्यांचं.

आई तांदूळ मोजायची.
रोज सकाळी स्टीलच्या डब्यात
कोपरापर्यंत हात घालून,
तिघांच्या भाताला लागतो त्याहून
जरा जास्तच वेळ.

अकरा वर्षांची असताना एकदा मी डबा उपसला
तर तळाशी चांदीचा टाक.
अंगठ्याच्या नखाएवढा, नाकडोळे झिजलेले,
कुठल्या देवीचा
ते विचारायला आता कुणी नाही.
आई ओरडली नाही. घाबरलीही नाही.
परत ठेव, म्हणाली.
वर तांदूळ घाल.

ती गेल्यावर महिन्याभराने
अण्णा तो डबा घेऊन माझ्या दारात उभे राहिले.
खाली तिचं काहीतरी आहे, म्हणाले.
म्हणजे तुम्हाला माहीत होतं?
त्यांनी चप्पल काढली, पाणी मागितलं,
पंख्याखाली बसले.
चौतीस वर्षं, म्हणाले,
मी त्या डब्यात हात घातला नाही.

हे सगळं मी चार्वीला सांगून टाकलं,
कोर्टनाका येईपर्यंत,
सांगायचं नव्हतं तेही.
तिने ऐकून घेतलं, मोठ्या माणसांचं ऐकतात तसं,
मग मुद्द्यावर आली.
पण देव आहे का?
मला माहीत नाही.
आजोबांना माहीत होतं?
हो. म्हणजे, ते तसं म्हणायचे.
मग ते डब्याला हात का नव्हते लावत?
सुट्टे आहेत का, रिक्षावाला म्हणाला,
आणि मी पर्समध्ये
बराच वेळ सुट्टे शोधत राहिले.

रात्री कुकर लावायला गेले
तर ओट्याशी स्टूल.
स्टुलावर ती, फ्रॉकची बाही वर सरकवलेली,
हात डब्यात कोपरापर्यंत.
सापडलं का, मी विचारलं.
तिने मान हलवली,
हो की नाही ते कळलं नाही.
आत गार आहे, म्हणाली,
आणि हात तसाच ठेवला.