माशीपुरती जागा

चौतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो.
डावा कान तिथंच राहिला.
उजव्याला आता शेजारचा कुकर तेवढा कळतो.

निवृत्त झालो आणि गारगोटीच्या पुढून
भैरू डावरेनं टेम्पोतून पेटी पाठवली, सातेरीची,
तोंडाला जाळी ठोकून.
फोनवर ओरडून सांगितलं,
"मामा, रात्री ठेवायची, पहाटं उघडायची,
आणि आठ दिवस बोट घालायचं नाही."
मी दुसऱ्या दिवशीच घातलं.
घातलं बोट, सुजला ओठ.
दूधवाला म्हणाला, "कुणासंगं झाली हो?"

दोन चौकटींमधली फट व्हर्नियरनं मोजली.
आठ मिलिमीटर.
जास्त ठेवली तर तिथं पोळं बांधतात,
कमी ठेवली तर मेणानं बुजवतात,
आठ असली तर वाट म्हणून सोडून देतात.
उभा जन्म मी पोरांना शिव्या घातल्या
केसभर फरकासाठी,
आणि इथं अंधारात
ड्रॉइंग नाही, फोरमन नाही.

टाकाळ्याची आमची गल्ली. परस म्हणजे काय,
शेवगा, मोडकी राजदूत,
आणि भिंतीपलीकडं सरनोबत वहिनींची दोरी.
एका सकाळी त्यांच्या पांढऱ्या चादरीवर
मोहरीएवढे पिवळे ठिपके.
त्यांनी वरच्या मजल्यावरच्या पोराला धरलं,
हळद शिंपडलास म्हणून.
मला माहीत होतं.
तीन दिवस मी गप्प बसलो.

चौथ्या दिवशी भिंतीपाशी गेलो.
"वहिनी, ते माझ्या माश्यांचं आहे."
"मध?"
"नाही."
मग त्या बराच वेळ चादरीकडं बघत राहिल्या.

रविवारी मंडळाच्या शेडमध्ये बैठक.
नजीर बागवान म्हणाले, डोंगरात सोडून या.
कुणी म्हणालं, अग्निशमनला फोन करा.
कुलभूषण नागांवेंच्या धाकटीनं विचारलं,
राणीला राणी आहोत हे कळतं का?
याचं उत्तर भैरूकडंही नव्हतं.

पेटीचं तोंड भिंतीकडं फिरवलं,
सात फूट हिरवी जाळी बांधली,
म्हणजे निघाल्या की सरळ वर,
दोरीवरून, टेंबलाईच्या टेकडीकडं.
चादर वाचली.
ठिपके बागवानांच्या गाडीच्या काचेवर पडू लागले.

पावसाळ्यात साखरपाणी दिलं.
पायाखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.
रोज तळहात झाकणावर ठेवायचो.
कानाला येत नाही ते हाताला यायचं,
स्पिंडल नीट फिरतोय का ते
पूर्वी असंच बघायचो.

भाद्रपदात एका सकाळी हात ठेवला
आणि नुसतं लाकूड.

बेअरिंग जाताना मशीन किंचाळतं.
या काही बोलल्या नाहीत.
आत मेणकिड्याची पांढरी जाळी,
दोन मेलेल्या, आणि माझी आठ मिलिमीटरची फट
जशीच्या तशी.
भैरू म्हणाला, "सातेरी हाय ती, मामा. मन लागलं नाही, गेली."
थोडं थांबून,
"तुम्ही लई उघडलासा."

पेटी धुऊन उन्हात ठेवली. विकली नाही.
मधाचं विचाराल तर
एक चमचासुद्धा नाही.

पौष सरता सरता वहिनींनी भिंतीवर ताट वाजवलं.
हाका मारून मला कळत नाही,
हे त्यांना आता पाठ झालंय.
धुण्याच्या दगडाच्या ओल्या कडेला
चार माश्या, पोट हलवत पाणी पीत होत्या.
"तुमच्याच काय बघा."

चष्मा चढवला, भिंतीवरून वाकलो.
आम्ही प्रत्येक जॉबवर नंबर ठोकायचो.
यांच्यावर काहीच ठोकलेलं नव्हतं.
"सांगता येत नाही," म्हणालो.

"मग पिऊ देत,"
आणि त्यांनी बादली
वीतभर अलीकडं ओढून घेतली.