अकरा सेकंद

मे महिना, दुपारचे तीन, मनीषनगर.
कूलरच्या दुकानावर आमची एक खोली.
खाली कारागीर वाळ्याच्या ताट्या बसवतोय,
वर आम्ही पाच जण
अंतराळयानाचं दार किती वेळात उघडावं
यावर तीन दिवसांपासून भांडतोय.

‘निर्वात’च्या पहिल्या भागात अकरा सेकंद लागायचे.
बंदुकीत सहा गोळ्या, पाठीमागे अंधार,
आणि दार आपलं सावकाश,
कचेरीतल्या शिपायासारखं उठणारं.
मागून त्या जनावराची नखं पत्र्यावर.
तो आवाज मी केला होता,
आईच्या परातीवर किल्ली ओढून,
तिला न विचारता.

धोटे म्हणतो, “अबे, आता कोण थांबते?
पुण्याहून पैसेवाल्याचं पत्र आलं.
ढाल आपोआप भरली पाहिजे.
उडीतून उडी पाहिजे.
कोपऱ्यात नकाशा, नकाशात बाण,
अन् दार जवळ गेलं की उघडं.”

प्रज्ज्वल गजभियेला ढाल चालते, बाण चालत नाही.
“बाण दाखवला तर माह्या भिंती कोण पाहीन?
दोन वर्षं गंज रंगवला मी तिथं,
कोराडीच्या राखेचा रंग डोळ्यात धरून.”
रुचिता उईके पुडीतले शेंगदाणे वेचत म्हणाली,
“त्या दारापाशी मी एकशे चाळीसदा मेली.
मले विचारा ना.”
कोणी विचारलं नाही.

झुबेर इतका वेळ वायर गुंडाळत होता.
“ते अकरा सेकंद कोणी ठरवलेच नव्हते,” तो म्हणाला.
“डिस्क जुनी होती.
पुढची खोली मेमरीत यायले तेवढा वेळ लागे.
दार लावलं मी मधात,
लाज झाकायले.”

सात वर्षं मी ते भय समजत होतो.
लोकांनी पत्रं लिहिली होती त्या दारावर,
गोंदियाच्या एका पोराने तर
वहीत त्याचं चित्र काढून पाठवलं होतं.

पूल व्हायच्या आधी इथे रेल्वेचं फाटक होतं.
कोळशाची मालगाडी जाता जात नसे.
माणसं इंजिन बंद करून
एकमेकांच्या गाड्यांचे नंबर वाचत.
तिथेच, स्कूटरला स्कूटर लावून,
धोटेने मला पहिल्यांदा सांगितलं होतं
की एक यान आहे, रिकामं,
आणि आत कुणीतरी चालतंय.
हे मी बोललो नाही.
वादात आठवण काढली
की माणूस हरलेला धरतात.

“गप्प बसा सगळे,” रुचिताने मोबाइलवर घड्याळ लावलं.
“अकरा. आता.”

तीनला कूलरचं पाणी ठिबकलं.
पाचला खालचा हातोडा थांबला, का कोण जाणे.
धोटेचा पाय हलायला लागला.
नवाला मी मागे वळून पाहिलं.
मागे फक्त माठ होता.
घड्याळ वाजलं तेव्हा प्रज्ज्वल एवढा दचकला
की त्याच्या हातातला चहा
पुण्याच्या पत्रावर सांडला.

बराच वेळ कोणी हसलं नाही.
मग धोटे म्हणाला, “आठ.
आठाच्या वर एक नाही.
अन् बाण राहीन.”
“बाण पुसट,” प्रज्ज्वल म्हणाला.
“पुसट.”
ढालीचं उद्यावर गेलं.

रात्री एकटाच फाइल उघडून बसलो.
यंत्राला आता थांबायची गरज नाही.
पापणी लवायच्या आत पुढची खोली तयार असते,
दिवे लावून, दारापलीकडे ताटकळत.
सगळ्या दारांपुढे आठ लिहिले.
नवव्या दारापुढे अकरा.

रुचिताला सांगितलं नाही.
सापडेल तिला. एकशे एक्केचाळीसाव्यांदा मरताना
मोजतेच ती.