स्मरणिकेसाठी दोन पानं

सचिव म्हणाले, शर्यतीचा इतिहास लिहून द्या,
दोन पानं पुरेत,
तिसऱ्यावर रंगाच्या कंपनीची जाहिरात आहे.

कपाट उघडलं.
पहिली अकरा वर्षं वाळवीनं खाल्लेली,
म्हणजे सुरुवात नक्की कधीची
ते वाळवीलाच ठाऊक.
बारावं वर्ष असं उघडतं :
‘वारा वायव्येचा. नऊ होड्या सुटल्या. आठ परतल्या.’
नववीचं सांगायच्या आत
लिहिणाऱ्याला जेवणाची घंटा ऐकू आली असावी.

मार्ग तेव्हापासून तोच.
अपोलो बंदरासमोर तोफ,
प्रॉंग्जचा दिवा उजव्या हाताला, खांदेरीला वळसा,
परतताना तोच दिवा डाव्या हाताला,
आणि दिवस मावळायच्या आत चहा.

चषकावर मालकांची नावं आहेत.
मॅकफर्सन, मॅकफर्सन, पुन्हा मॅकफर्सन,
एरचशा तारापोर (‘तारापूर’ असं कोरलेलं,
ते त्यांनी मरेपर्यंत बदलू दिलं नाही),
मग युद्धाची कोरी चांदी,
मग नौदलाचे लोक, हुद्द्यांसकट.
दोर ओढणाऱ्यांची नावं कोरायला
चषक रांजणाएवढा लागला असता.

बाबा तोफेवर होते.
तोफ कसली, प्रेशर कुकरएवढी पितळी वस्तू,
पण त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालायचे
आणि आदल्या रात्री आमच्याशी बोलायचे नाहीत.
त्यांची नोंद वेगळी, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर :
‘मतलई लवकर मेला.’
‘भांग. पाणी चालतच नाही.’
‘पद्मन तांडेलनं शीड फाटल्यावर लुंगी लावली. चौथा आला.’
जिंकलं कोण, ते बहुतेक वेळा
लिहायचं राहून गेलंय.

आता ते एक वर्ष.
क्लबाच्या वहीत एक ओळ :
‘शर्यत रद्द. वारा नाही.’

कॅलेंडरच्या पाठीवर मात्र
फेब्रुवारी भरून मार्चवर सांडलेला.
तेवीस होड्या खांदेरीच्या मागे पोचल्या
आणि वारा बसला.
शिडं वाळत घातलेल्या चादरींसारखी.
संध्याकाळी धुकं आलं,
बेटावरचा दिवा साबणाच्या फेसात बुडाला,
ओहोटी एकेकाला हळूच ओढू लागली
कुठे, ते कुणाला दिसेना.
मॅकफर्सनचा नातू कुणाला तरी हाका मारत होता,
इंग्रजीत, मग हिंदीत, मग नुसत्याच.

आणि तेव्हा तो दगड वाजला.

खांदेरीवर आहे एक, ठोकला की काशाच्या भांड्यासारखा बोलतो.
दिवेवाल्याची बायको पाट्याच्या वरवंट्यानं
तो ठोकत बसली होती.
ठण्. मग शंभर मोजायचे. ठण्.
लोकांनी फळ्या उचकटल्या, वल्ही केली,
आवाजाकडे नाळ धरली.
रात्रभर.
एकदा शंभराऐवजी दीडशे झाले,
तेवढ्यात, बाबा लिहितात,
सगळ्या समुद्रानं श्वास रोखला.
(तिनं हात बदलला होता.)

उजाडताना धक्क्याला तेवीसच्या तेवीस,
एकमेकींना बांधलेल्या.
तिनं चहा दिला, गुळाचा, पाच कपांत आळीपाळीनं,
आणि विचारलं, पहिला कोण आला?
कुणीच बोललं नाही.
बाबांची शेवटची ओळ :
‘तेवीस सुटल्या. तेवीस आल्या. वेळ एकच. कुठे नोंदवू?’

तिचं नाव कुठेच नाही.
मागच्या रविवारी लाँचनं जाऊन आले.
लाँचवाला म्हणाला, दिवा आता आपोआप लागतो,
राहत कुणी नाही.
मी खडा उचलला, ठोकला.
वाजला.
नकळत मोजायला लागले.
एकसष्टला लाँचवाल्यानं भोंगा दिला.

मजकूर सचिवांना दाखवला.
छान आहे, म्हणाले, पण दोन पानांत बसत नाही,
काहीतरी काढा.

मॅकफर्सनचं एक वर्ष काढलं.